मोटारीच्या कंप्युटरला वीज नीट मिळते का?
अधूनमधून बंद पडणाऱ्या गाडीचा दोष कसा शोधावा

गाडी चालता चालता एकाएकी बंद पडते. ना आवाज, ना धूर, ना धक्का. चालक गाडी बाजूला घेतो, बॉनेट उघडतो, दहा-पंधरा मिनिटे थांबतो आणि पुन्हा सेल्फ मारतो. जणू काही झालेच नव्हते, अशी गाडी सुरू होते. गॅरेजमध्ये आणली तर दिवसभर उत्तम चालते. मिस्त्री म्हणतो, ‘‘दोष दिसेल तेव्हा आणा.’’ दोन दिवसांनी गाडी पुन्हा भर रस्त्यात उभी. मग कोणीतरी सल्ला देतो की गाडीचा कंप्युटर गेला, तो बदला. हजारो रुपये खर्च होतात आणि दोष मात्र जागच्या जागी राहतो.

आपल्या समाजातील अनेक बांधव गॅरेज, ऑटो वायरिंग, जुन्या भागांची खरेदी-विक्री आणि टॅक्सीच्या धंद्यात पिढ्यानपिढ्या आहेत. कार्बोरेटर आणि प्लॅटिनम पॉइंटच्या काळात हाताच्या कसबावर त्यांनी नाव कमावले. परंतु २००० सालानंतर धुराचे नियम कडक होत गेले. कार्बोरेटर गेला, एमपीएफआय इंजिने आली. १ एप्रिल २०२० पासून तर नव्या गाड्यांना भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. आज इंजिनात किती पेट्रोल सोडायचे आणि ठिणगी केव्हा पाडायची हे कंप्युटर ठरवितो. याला कोणी ईसीएम म्हणतात, कोणी ईसीयू. हा कंप्युटर क्षणभर जरी उपाशी राहिला तरी इंजिन बंद पडते. म्हणून त्याला वीज कोठून मिळते आणि ती अधूनमधून का तुटते, याची माहिती या लेखात आम्ही देत आहोत. मिस्त्र्यांना ती कामी येईलच, पण गाडीमालकांनीही वाचून ठेवण्यासारखी आहे.

एक उदाहरण

आमच्या पाहण्यातील एक घटना सांगतो. कोकणातील एक गृहस्थ स्वतःची गाडी टुरिस्ट म्हणून चालवितात. गाडी कर्जावर घेतलेली. एका रात्री रुग्णाला मुंबईस घेऊन जात असता कशेडी घाटात गाडी बंद पडली. मागून ट्रक येत होते. अल्लाहच्या कृपेने अनर्थ टळला. एका गॅरेजने कंप्युटर खराब असल्याचे सांगितले. जुना कंप्युटर आणला, चावीशी जुळवून घेतला, त्यात जवळजवळ महिन्याभराची कमाई गेली. चौथ्या दिवशी त्याच घाटात गाडी पुन्हा बंद! दोष नेमका कोठे होता ते पुढे सांगू. वाचकांनी तोवर स्वतः अंदाज करावा.

कंप्युटरला वीज किती वाटांनी मिळते?

बहुतेक गाड्यांत कंप्युटरकडे येणाऱ्या वाटा चार असतात. गाडीप्रमाणे वायरचे रंग आणि जागा बदलतात, तत्त्व बदलत नाही.

पहिली वाट कायमची. ही बॅटरीवरून फ्यूजमार्गे थेट येते, चावी काढली तरी चालू असते. कंप्युटर इंजिनाविषयी जे ‘शिकलेले’ असतो, ते अनेक गाड्यांत या विजेवर टिकते. ही वाट तुटली की दोषांचे कोड पुसले जातात आणि गाडी सुरू झाल्यावर काही वेळ आयडलिंग कमी-जास्त होत राहते.

दुसरी वाट इग्निशन स्विचची. चावी ‘ऑन’ केली की ही वीज येते आणि कंप्युटरला जाग येते.

तिसरी वाट मेन रिलेची. इंजेक्टर, सेन्सर आणि कंप्युटरचा मोठा भार या रिलेवर असतो. काही गाड्यांत हा रिले चावीच्या विजेवर लागतो. पुष्कळ गाड्यांत मात्र चावी ऑन झाल्यावर कंप्युटर स्वतःच त्याला ओढून घेतो आणि चावी बंद केल्यावर काही सेकंदांनी सोडतो.

चौथी वाट परतीची, म्हणजे अर्थ. मिस्त्री लोक सर्वांत कमी लक्ष इकडे देतात आणि दोष पुष्कळदा येथेच सापडतो. इंजिनाच्या ब्लॉकला अथवा बॉडीला एका बोल्टने आवळलेली काळी वायर गंजली किंवा सैल झाली, तर वर कितीही वीज येवो, कंप्युटरचे काम चालत नाही.

लक्षणे कशी ओळखावी?

पेट्रोल कमी पडून गाडी बंद पडते तेव्हा ती आधी आचके देते, ओढत नाही, मग थांबते. वीज तुटल्यावर मात्र कोणी चावी फिरविल्यासारखे इंजिन एका क्षणात बंद होते.

चावी ऑन करून, सेल्फ न मारता, मीटरवरील इंजिनाचा पिवळा दिवा पाहावा. तो लागलाच पाहिजे. त्याच वेळी मागच्या टाकीतून पंपाचा दोन-एक सेकंद हलका आवाज येतो. गाडी बंद पडलेली असताना पिवळा दिवाही लागत नाही आणि पंपही बोलत नाही, तर कंप्युटर जागा झालेला नाही असे समजावे. दिवा लागतो पण पंप बोलत नाही, तर पंपाच्या बाजूला पाहावे. दिवाही लागतो आणि पंपही बोलतो, तर क्रँक सेन्सरसारखे दुसरे कारण असू शकते. ही तपासणी फुकट आहे आणि चालकाला फोनवरूनही करायला सांगता येते. मात्र गाडी पुन्हा सुरू होण्याआधी, ती बंद असतानाच ती झाली पाहिजे.

स्कॅनर लावल्यास पी ०५६२ हा कमी व्होल्टेजचा कोड, पी ०६८५ हा मेन रिलेच्या सर्किटचा कोड, किंवा दुसऱ्या कंप्युटरने नोंदविलेला यू ०१००, म्हणजे इंजिन कंप्युटरशी संपर्क तुटल्याचा कोड मिळू शकतो. परंतु वीजच गेली तर नोंद करणार कोण? म्हणून स्कॅनरवर ‘कोड नाही’ असे आले तर गाडी निर्दोष आहे असे मानू नये. चार-पाच वेगवेगळ्या सेन्सरचे कोड एकदम आले, तर ते सर्व सेन्सर एकदम खराब झाले असे मानण्यापेक्षा त्यांची सामाईक वीज किंवा सामाईक अर्थ तपासणे शहाणपणाचे.

मीटर कसा फसवितो?

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. अनेक जण कंप्युटरचा सॉकेट काढतात, मीटर लावतात, १२ व्होल्ट दिसले की म्हणतात, ‘‘वायरिंग ठीक आहे, कंप्युटर गेला.’’ ही मोठी चूक होय.

डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध बहुधा १ कोटी ओहम, म्हणजे १० मेगाओहम असतो. त्यातून जाणारा प्रवाह नगण्य असतो. वायरच्या वीस तारांपैकी एकोणीस तुटल्या आणि एकच उरली, तरी मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवील. समजा, एखाद्या सांध्यात २ ओहमचा रोध तयार झाला आहे. मीटरला तो कळणारही नाही. पण त्याच सांध्यातून ३ अँपिअर प्रवाह मागितला, तर ६ व्होल्ट तेथेच खर्च होतात आणि पुढे निम्मीच वीज पोहोचते.

उपाय सोपा आहे. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब घ्यावा आणि त्याला दोन वायरी जोडाव्यात. हा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. बॅटरीची निगेटिव्ह काढून कंप्युटरचा सॉकेट सोडवावा, मग बॅटरी पुन्हा जोडून पॉझिटिव्ह वाटा एकेक करून या बल्बवर तपासाव्यात. बल्बची परतीची वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावावी. मेन रिले कंप्युटरच ओढणारा असेल, तर सॉकेट काढल्यावर तो लागणार नाही हे ध्यानात ठेवावे. बल्ब लखलखीत पेटला आणि त्याच वेळी मीटरवर बॅटरीइतकेच व्होल्टेज राहिले, तर ती वाट मजबूत. बल्ब मंद पेटला तर दोष त्या वाटेत आहे. अर्थच्या वायरसाठी बल्बचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला व दुसरे अर्थच्या पिनेला लावावे.

एक सूचना. बल्ब केवळ मुख्य विजेच्या आणि अर्थच्या वायरीवर लावावा. सेन्सरच्या किंवा सिग्नलच्या वायरीवर चुकूनही लावू नये, चांगला कंप्युटर जळू शकतो. तसेच सॉकेटच्या नाजूक पिनेत जाड सुई खुपसू नये. पिन फाकते आणि नवा लूज कॉन्टॅक्ट आपणच तयार करून ठेवतो.

शोध कोठून सुरू करावा?

प्रथम गिऱ्हाइकाचे ऐकून घ्यावे. गाडी केव्हा बंद पडते? उन्हात उभी केल्यावर की पावसात? खड्ड्यात की वळणावर? दिवे आणि एसी लावल्यावर? नुकतेच काही नवे सामान बसविले का? चालकाला कारण कळत नसले तरी प्रसंग आठवत असतो. दहा मिनिटांची ही विचारपूस दोन दिवसांची मेहनत वाचविते.

दुसरे, बॅटरी. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी विसावलेली असताना १२.६ व्होल्ट दाखविते. सेल्फ मारताना व्होल्टेज १० च्या फार खाली जाता कामा नये. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ असावे. नव्या काही गाड्यांत अल्टरनेटर कंप्युटरच्या ताब्यात असतो, तेथे हा आकडा कमी-जास्त होतो. टर्मिनल हाताने फिरत असेल, त्यावर पांढरी-हिरवी बुरशी असेल, तर ते काढून घासून पुन्हा आवळल्याशिवाय पुढे जाऊ नये. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत हा त्रास विशेष.

तिसरे, अर्थ. इंजिन चालू ठेवून हेडलाइट, एसीचा पंखा आणि मागच्या काचेचा हीटर लावावा. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे कंप्युटरच्या अर्थ वायरला लावावे. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसल्यास अर्थचा बोल्ट उघडून, रंग व गंज काढून पुन्हा बसवावा.

चौथे, फ्यूजबॉक्स, रिले आणि इग्निशन स्विच. फ्यूज शाबूत असला तरी त्याची पकड ढिली असू शकते, प्लॅस्टिक काळवंडलेले असल्यास ती खूण समजावी. चालू गाडीत रिलेवर बोटाने हलकेच टिचकी मारावी, चावी हळूच हलवून पाहावी, वायरचा जुडगा हातभर अंतराने हलवीत जावे. इंजिन अडखळले की तेथेच थांबावे. उन्हात होणाऱ्या दोषासाठी केस वाळविण्याच्या यंत्राने रिले तापवून पाहता येतो.

उन्हावरून आठवले. १९९० च्या दशकातील होंडाच्या अनेक गाड्यांत मेन रिलेच्या आतील झाळ तडकण्याचा दोष जगभरच्या मिस्त्र्यांच्या परिचयाचा आहे. गाडी उन्हात उभी राहिली की आतील हवा तापे, झाळेची भेग उघडे आणि गाडी सुरू होत नसे. काचा उघडून थंड होऊ दिली की सुरू! रिले उघडून नव्याने झाळ दिली किंवा रिले बदलला की काम भागे. कंप्युटरचा त्यात काही दोष नसे.

इग्निशन स्विचचा दोष किती घातक ठरतो, हे अमेरिकेत दिसले. तेथे २०१४ साली जनरल मोटर्सने शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन इत्यादी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलाविल्या. त्यांच्या स्विचची पकड कमी असल्याने धक्क्याने किंवा जड किल्ल्यांच्या जुडग्याने चावी चालू गाडीतच मागे घसरे. इंजिन बंद होई, स्टिअरिंग जड होई आणि अपघात झाल्यास एअरबॅगही उघडत नसे. या प्रकरणी नेमलेल्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. तेव्हा घराच्या, दुकानाच्या आणि कपाटाच्या सर्व किल्ल्या गाडीच्या चावीला लटकविण्याची सवय सोडलेली बरी.

बाहेरून बसविलेले सामान

आपल्याकडील दोषांत बाहेरच्या सामानाचा वाटा मोठा आहे. अलार्म, सेंट्रल लॉक, म्युझिक सिस्टिम, जीपीएस, फॉग लॅम्प, सीएनजी किट यांपैकी बहुतेकांना ‘चावीची वीज’ हवी असते. घाईत काम करणारा फिटर इग्निशनची वायर सोलतो, दुसरी तिच्याभोवती पिळतो आणि टेप गुंडाळतो. उन्हाने टेपचा डिंक सुटतो, पावसाळ्यात तांबे हिरवे पडते, पीळ ढिला होतो. वायर पूर्ण कापून तिच्यात स्विच टाकलेला असेल, तर गाडीचा सारा जीव त्या स्विचवर टांगलेला असतो. म्हणून अशा गाडीत कंपनीच्या वायरिंगवर संशय घेण्यापूर्वी नंतर केलेला प्रत्येक सांधा उघडून पाहावा. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही याच वेळी नजरेस पडतात.

तीन दिव्यांची युक्ती

एवढे करूनही दोष हाती लागला नाही तर? गॅरेजमध्ये दोष येत नसेल, तर दोषाच्या ठिकाणी आपणच जावे. कायमची वीज, इग्निशनची वीज आणि मेन रिलेची वीज अशा तीन वायरींना तीन लहान १२ व्होल्टचे एलईडी दिवे, प्रत्येकास छोटा फ्यूज टाकून, जोडावेत आणि ते चालकाशेजारच्या सीटपुढे दिसतील असे ठेवावेत. त्यांची परतीची वायर बॅटरीच्या निगेटिव्हला न्यावी. कंप्युटरच्या अर्थवर मीटर लावून त्यात कमाल-किमान नोंदीची सोय चालू करावी. मग गाडी नेहमीच्या रस्त्याने चालवावी. दिव्यांकडे दुसऱ्या माणसाने पाहावे, चालकाने नव्हे.

गाडी बंद पडताच कोणता दिवा विझला ते पाहावे. तिन्ही विझले, तर बॅटरीचे टर्मिनल किंवा मुख्य फ्यूज. कायमचा पेटलेला आणि इग्निशनचा प्रथम विझला, तर स्विच, त्याचा फ्यूज किंवा त्या वायरवरील सांधा. केवळ रिलेचा विझला, तर आधी अर्थचा मीटर पाहावा. कारण अर्थ तुटल्यानेही कंप्युटर रिले सोडून देतो. अर्थ ठीक असेल तर रिले आणि त्याच्या वायरी. एकही विझला नाही आणि अर्थही ठीक, तर दोष वीजपुरवठ्यात नाही. मग इतर सेन्सर, पंप आणि शेवटी कंप्युटर. कंप्युटरच्या आतही झाळ तडकते, जुने कपॅसिटर गळतात, हे खरे. पण दोष घडत असताना चारही वाटा भारासह ठीक होत्या हे सिद्ध झाल्यावरच त्याला दोषी ठरवावे.

त्या गाडीचे काय झाले?

कोकणातील त्या गाडीवर हीच युक्ती करण्यात आली. घाट चढताना तिसऱ्या वळणावर इंजिन बंद पडले आणि इग्निशनचा दिवा विझला, कायमचा पेटलेलाच होता. स्टिअरिंगखालचे आवरण काढले तेव्हा अलार्मसाठी पिळलेला, टेप सुटलेला सांधा लोंबताना दिसला. चालक उंचपुरा. घाटात वरचेवर गिअर बदलताना क्लचवरचा पाय उचलला की त्याचा गुडघा त्या वायरींना लागे. सपाट रस्त्यावर हे क्वचितच घडे, म्हणून गॅरेजवाल्यांना दोष दिसत नव्हता. वीतभर वायर, थोडी झाळ आणि एक स्लीव्ह एवढ्यावर काम झाले. त्यानंतर ती गाडी त्या कारणाने थांबलेली नाही. मात्र कंप्युटरपायी गेलेले पैसे परत मिळाले नाहीत.

धंद्याच्या दृष्टीने

दोष शोधणे हे स्वतंत्र कसब आहे आणि त्याची मजुरी घेण्यात संकोच नसावा. वायर पाच रुपयांची असली तरी ती कोठे तुटली हे शोधण्यास पाच तास लागलेले असतात. मात्र ही मजुरी आधी ठरवून, गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगून घ्यावी. काढलेला भाग त्याला दाखवावा. ज्या भागाबद्दल स्वतःची खात्री नाही, तो ‘बदलून पाहू’ म्हणून त्याच्या पैशाने बदलू नये. अल्लाहच्या प्रेषितांनी (सल्ल.) बाजारातील धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओले धान्य लागले, तेव्हा विक्रेत्यास त्यांनी दिलेली ताकीद आपण सर्वांनी ऐकलेली आहे. गाडीच्या वायरिंगमध्येही ‘आत’ काय आहे ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. ते दाखविणे ही आपल्याकडे सोपविलेली अमानत होय.

भांडवलही फार लागत नाही. एक चांगला मीटर, घरी केलेला २१ वॉटचा बल्ब, तीन एलईडी, झाळण्याची इस्त्री, स्लीव्ह आणि साधा स्कॅनर एवढ्यावर सुरुवात होते. खरी गरज आहे ती वायरिंगचा नकाशा वाचण्याची. आयटीआयमधील ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ सारखा अभ्यासक्रम केलेल्या मुलाला ते लवकर जमते. गॅरेजमालकांनी आपल्या हाताखालच्या मुलांना केवळ पाने उचलायला न लावता मीटर धरायला शिकवावे. उस्तादाचा कान आणि शागिर्दाचा मीटर एकत्र आले, तर आपल्या गॅरेजमधून गाडी दुरुस्त होऊनच बाहेर पडेल आणि गिऱ्हाईक दुसरे गिऱ्हाईक घेऊन परत येईल, इन्शाअल्लाह.